श्वासनळीचा स्नायू नेमकं कोणाचं ऐकतो? दमा, पंप आणि रिसेप्टर यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी औषधशास्त्र शिकवते, आणि घर मालवण तालुक्यात आहे. त्यामुळे प्रश्न दोन्ही बाजूंनी येतात. वर्गातली मुलं 'क्रॉसटॉक म्हणजे काय' (पेशीतल्या निरोपांच्या दोन वाटा एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करतात, ते) विचारतात, आणि वाडीतली माणसं 'पंप मारूनही धाप का थांबत नाही' विचारतात. बराच काळ मी दोघांना वेगवेगळी उत्तरं देत होते. मग लक्षात आलं की प्रश्न एकच आहे, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. कोणाचा डोस किती असावा हे या पानावरून ठरवू नका, ते काम तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचं.

श्वासनळीला स्नायू असतो? तो कशासाठी?

असतो. मोठ्या श्वासनळीला कूर्चेच्या अर्धवट कड्या असतात आणि कडीची मागची उघडी बाजू हा स्नायू सांधतो. नळ्या बारीक होत फुप्फुसात शिरतात तशी कूर्चा विरळ होत जाते आणि स्नायू नळीला तिरका वेढा घालतो. अगदी बारीक नळ्यांत कूर्चा नसतेच, त्यामुळे स्नायू आवळला की नळीला आतून टेकू नाही. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा सोळापट होतो. दम्यात थोड्याशा आवळण्यानं माणूस उठून का बसतो, ते या एका हिशोबात आहे.

कशासाठी, यावर मात्र शास्त्रज्ञांचं एकमत नाही. काहींनी तर त्याला फुप्फुसाचं अपेंडिक्स म्हटलंय, म्हणजे उपयोग दिसत नाही आणि त्रास मात्र देतं. मला ते पटतं.

रिसेप्टर म्हणजे काय?

पेशीच्या पापुद्र्यातून सात वेळा आतबाहेर ओवलेलं एक प्रथिन. बाहेरच्या टोकाला अ‍ॅड्रिनलिन, हिस्टामिन असं काही येऊन बसलं की आतल्या टोकाचा आकार बदलतो आणि तिथे टेकून असलेलं जी-प्रथिन जागं होतं. पुढचा निरोप ते नेतं. जी-प्रथिनांच्या शोधाला १९९४ चं नोबेल मिळालं. या रिसेप्टरांच्या कामाला २०१२ चं मिळालं आणि त्यात बीटा-२ हाच रिसेप्टर मध्यभागी होता. तुमच्या निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल जाऊन बसतं तो हाच.

स्नायू आवळतो कसा?

मेंदूकडून व्हेगस नावाची नस येते. तिच्या टोकाशी असिटिलकोलिन सुटतं आणि स्नायूवरच्या एम३ रिसेप्टरवर बसतं. एम३ च्या आत जीक्यू हे जी-प्रथिन असतं. ते फॉस्फोलायपेज-सी या एन्झाइमला जागं करतं. हे एन्झाइम पापुद्र्यातल्या एका मेदाचे दोन तुकडे करतं, आयपी३ आणि डॅग. आयपी३ आतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडवतं. कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला धरून मायोसिन कायनेज या एन्झाइमला चालू करतं आणि मायोसिन, म्हणजे स्नायूतलं ओढणारं प्रथिन, ओढायला लागतं. दुसरा तुकडा, डॅग, पीकेसी नावाच्या एन्झाइमला उठवतो. हा पीकेसी पुढे भांडण लावणार आहे, त्याला लक्षात ठेवा.

अ‍ॅलर्जीत आणि सुजेत सुटणाऱ्या रसायनांचे रिसेप्टर, म्हणजे हिस्टामिनचा एच१, ल्युकोट्रायिनचा सिसएलटी१, ब्रॅडिकायनिनचा बी२, हेही जीक्यूच्याच वाटेनं येतात. दारं वेगवेगळी, पण माजघर एकच.

शिवाय एक दुसरी सोय आहे, जी पुस्तकात शेवटच्या ओळीत येते आणि मुलं सोडून देतात. मायोसिनला सैल करणारं फॉस्फटेज नावाचं एक एन्झाइम असतं. ऱ्हो-कायनेज हे दुसरं एन्झाइम त्याला अडवून धरतं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना पाहिली असेल तर कळेल. किनाऱ्यावर दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढतात, हे झालं कॅल्शियम. आता कोणी तो ताणलेला दोर खुंटीला दोन वेढे देऊन बांधला, तर ओढणारे निम्मे झाले तरी दोर ढिला पडत नाही. खुंटी बांधणारा तो ऱ्हो-कायनेज. म्हणून कॅल्शियम खाली आल्यावरही स्नायू आवळलेला राहू शकतो.

आणि सैल कसा पडतो?

बीटा-२ रिसेप्टरच्या आत जीएस हे जी-प्रथिन असतं. ते अ‍ॅडेनिलिल सायक्लेज या एन्झाइमला चालवतं, त्यातून सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या तयार होतो, आणि ते पीकेए नावाच्या एन्झाइमला कामाला लावतं. पीकेए एका जागी बसत नाही. साठ्यातून कॅल्शियम सुटणं कमी करतं, पोटॅशियमची दारं उघडून पेशीला शांत करतं, मायोसिन कायनेजची पकड ढिली करतं.

एक गंमत सांगते. माणसाच्या या स्नायूला अ‍ॅड्रिनलिनच्या जातीच्या नसा जवळजवळ नाहीतच. बीटा-२ रिसेप्टर मात्र भरपूर. रक्तातून वाहत आलेल्या अ‍ॅड्रिनलिनची ते वाट बघत असतात, आणि पंप त्यांना ते वरून देतो.

मग 'क्रॉसटॉक' कुठे येतो? दोन वाटा तर वेगळ्या दिसतात.

पुस्तकात दोन पानांवर छापल्यात म्हणून वेगळ्या दिसतात. पेशी एकच आहे आणि तिच्या आत भिंती नाहीत. निदान चार ठिकाणी या वाटा एकमेकींच्या अंगणातून जातात.

पहिलं ठिकाण एम२ चं. असिटिलकोलिनचे या स्नायूवर एम३ पेक्षा एम२ रिसेप्टर संख्येनं जास्त आहेत. एम२ स्वतः फारसं आवळत नाही. त्याच्या आत जीआय असतं आणि ते अ‍ॅडेनिलिल सायक्लेजला दाबतं. म्हणजे एकच असिटिलकोलिन एका हातानं एम३ मधून आवळतं आणि दुसऱ्या हातानं एम२ मधून सैल करणाऱ्याचा पाय ओढतं.

दुसरं ठिकाण त्या पीकेसीचं. एम३ किंवा एच१ सतत वाजत राहिला की पीकेसी जाऊन बीटा-२ रिसेप्टरला फॉस्फेट चिकटवतो, आणि रिसेप्टरचं जीएसशी असलेलं नातं सैल होतं. तो जीआरके-२ या एन्झाइमलाही चिथावतो. पंपाचं औषध दारात उभं आहे, पण घंटेची तार आतून सुटलेली आहे.

तिसरं उलट दिशेचं. पीकेए जीक्यूच्या वाटेवर अनेक जागी ब्रेक लावतं, फॉस्फोलायपेज-सी असो की आयपी३ चा रिसेप्टर. म्हणूनच पंप आधी घेतलेला असेल तर धूर लागल्यावर छाती कमी आवळते.

चौथं ठिकाण सायक्लिक एएमपी मोडणाऱ्या एन्झाइमचं, फॉस्फोडायस्टरेज-४ चं. सूज असलेल्या श्वासनळीत ते वाढलं की तयार झालेलं सायक्लिक एएमपी टिकत नाही. गळक्या कळशीत पाणी भरण्यासारखं.

परीक्षेत चारही लिहा. पण समजायचं असेल तर पहिल्या दोनांवर थांबा.

'मी निळो पंप चार वेळा मारलंय, तरी दम कित्याक कमी होना नाय?'

या पानाचा जन्म या प्रश्नातून झाला.

पहिलं कारण रिसेप्टरचं नाही, नळीचं आहे. धाप स्नायूमुळेच लागते असं नाही. नळीचं अस्तर सुजलेलं असतं, चिकट बेडका अडकलेला असतो. बीटा-२ ला सूज उतरवता येत नाही.

दुसरं कारण वरच्या क्रॉसटॉकचं. साल्ब्युटामॉल पूर्ण ताकदीचा अ‍ॅगोनिस्ट (रिसेप्टरला चालू करणारं औषध) नाही, पार्शल, म्हणजे अर्धवट ताकदीचा आहे. स्नायू थोडा आवळलेला असेल तर तेवढं पुरतं. पण व्हेगसकडून असिटिलकोलिनचा मारा चालू आहे, हिस्टामिन आहे, ल्युकोट्रायिन आहे, आणि हे सगळे जीक्यूच्या बाजूनं ओढताहेत, तेव्हा एकटं साल्ब्युटामॉल हरतं. यात रिसेप्टर कोणी अडवलेला नसतो, फक्त समोरचं पारडं जड झालेलं असतं. औषधशास्त्रात याला फंक्शनल अँटागोनिझम म्हणतात.

तिसरं कारण सवयीचं. तेच औषध पुन्हा पुन्हा आलं की जीआरके रिसेप्टरवर खूण करतं, अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन त्याला झाकतं आणि पेशी त्याला आत ओढून घेते. दाराशी कडीच राहत नाही.

चौथं कारण मला सगळ्यात अस्वस्थ करतं. २००३ साली उंदरांवरचं एक काम प्रसिद्ध झालं. ज्या उंदरांच्या स्नायूत बीटा-२ रिसेप्टर मुद्दाम वाढवले होते, त्यांच्यात फॉस्फोलायपेज-सी सुद्धा वाढलेलं निघालं, म्हणजे आवळणारी वाट जास्त तीव्र झाली. ज्यांच्यात बीटा रिसेप्टर काढून टाकले होते, त्यांची श्वासनळी उलट कमी आवळत होती. सैल करणाऱ्या वाटेला सतत चालू ठेवलं तर पेशी आवळणाऱ्या वाटेची डागडुजी करते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये तीव्र आयसोप्रिनलिनच्या पंपांच्या काळात, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉलच्या काळात दम्याचे मृत्यू वाढले होते, हा इतिहास माणसांचा आहे.

तेव्हा पंपाचे फवारे वाढत चाललेत, दोन फवाऱ्यांमधला वेळ कमी होतोय, पूर्ण वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, यातलं काहीही असेल तर सकाळच्या एसटीची वाट बघू नका. रात्रीच गाडी काढा.

मृग लागला की दमा का उसळतो?

ओल, भिंतीवरची बुरशी, गादीतले माइट्स आणि सर्दीचे विषाणू, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामागचा रिसेप्टर सांगते. व्हेगसच्या नसेच्या टोकावरही एम२ असतो आणि तिथे तो चांगलं काम करतो. असिटिलकोलिन पुरे झालं की तो नसेला 'बास' म्हणतो. विषाणूचा संसर्ग झाला, किंवा अ‍ॅलर्जीत जमणाऱ्या इओसिनोफिल पेशींचं एक प्रथिन त्याच्यावर जाऊन चिकटलं, की हा 'बास' म्हणणारा गप्प होतो. नस असिटिलकोलिन ओतत राहते. मग चुलीचा एरवी सोसणारा धूरही सोसत नाही. (फाल्गुन-चैत्रात राब भाजतात तेव्हाचा धूर वेगळा. तो नसांना थेट चुरचुरवतो आणि त्याला पाऊस लागत नाही.)

स्टेरॉइडचा पंप रोज कशाला? बरं वाटतंय की.

लोक स्टेरॉइडला घाबरतात आणि निळ्या पंपाला घाबरत नाहीत. माझ्या मते हे अगदी उलट आहे.

श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड सूज उतरवतं हे पहिलं काम. दुसरं काम क्रॉसटॉकचं. स्टेरॉइड पेशीच्या केंद्रकात जाऊन बीटा-२ रिसेप्टरच्या जनुकाला चालना देतं, म्हणजे नवे रिसेप्टर तयार होतात आणि सवयीनं झालेली तूट भरून निघते. उलट बाजूनं, बीटा-२ चं औषध स्टेरॉइडच्या रिसेप्टरला केंद्रकात जायला मदत करतं. दोघं एकमेकांचं काम सोपं करतात. बुडेसोनाइड हे स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल हे बीटा-२ चं औषध एका पंपात घालतात, त्यामागे कंपनीची सोय आहेच, पण हे शास्त्रही आहे.

दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेनं, म्हणजे जिनानं, २०१९ पासून प्रौढांना व किशोरांना केवळ साल्ब्युटामॉलवर ठेवण्याची शिफारस बंद केली. गावाकडे हे अजून पोचायचं आहे. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

धोतऱ्याचा धूर दम्यावर चालतो असं आजी म्हणायची. खोटं का?

खोटं नाही, धोक्याचं आहे. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं आणि ती दोन्ही असिटिलकोलिनला एम३ वर बसू देत नाहीत. १८०२ च्या सुमारास हा उपाय मद्रासहून ब्रिटनमध्ये पोचला आणि पुढे तिथे दम्यासाठी धोतऱ्याच्या सिगारेटी विकल्या जात. पण पानात किती औषध आहे याचा भरवसा नाही. डोकं फिरणं, भ्रम, लघवी अडणं, मृत्यूसुद्धा. शिवाय अ‍ॅट्रोपिन निवड करत नाही. एम३ बरोबर नसेवरचा 'बास' म्हणणारा एम२ सुद्धा बंद करतं, म्हणजे नस आणखी असिटिलकोलिन सोडते.

त्याचे सुधारलेले वारस आज पंपात आहेत. टायोट्रोपियम दोन्हींवर बसतं, पण एम२ ला लवकर सोडतं आणि एम३ ला खूप उशिरा. म्हणून ते दिवसातून एकदा पुरतं. बीटा-२ च्या औषधाबरोबर दिलं की एक दोर सोडतो आणि दुसरा खुंटी उपटतो.

डोळ्यांत थेंब घालायला लागल्यापासून बाबांना धाप लागते. संबंध आहे?

असू शकतो. बाटली घेऊन डॉक्टरांना दाखवा. काचबिंदूसाठी देतात त्या टिमोलॉलच्या थेंबांत बीटा ब्लॉकर, म्हणजे बीटा रिसेप्टर अडवणारं औषध असतं. थेंब डोळ्यातून नाकात आणि तिथून रक्तात जातो. बीटा-२ बंद झाला की व्हेगसला विरोध करणारं कोणी उरत नाही, आणि वर निळा पंपही लागू पडत नाही, कारण जागा आधीच अडलेली. आमच्या वाडीतल्या एका आजोबांच्या बाबतीत हे ओळखायला दोन महिने लागले, कारण 'डोळ्याचं औषध' कोणी औषधांत मोजलंच नव्हतं. थेंब स्वतःहून बंद करू नका, नजर जाईल. डॉक्टरांकडे दुसऱ्या गटातले थेंब असतात.

आंब्यावर फवारणी केल्यावर छाती भरून येते, घाम आणि लाळ सुटते. हा दमाच का?

नाही, आणि हा प्रश्न दम्यापेक्षा तातडीचा आहे. मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी वापरलेलं औषध ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं असेल, तर ते असिटिलकोलिन मोडणाऱ्या एन्झाइमलाच निकामी करतं. असिटिलकोलिन साचत जातं. एम३ सतत चालू, नळ्या आवळलेल्या, आणि ग्रंथींवरच्या एम३ मुळे छातीत पाणी सुटतं. बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते, नाडी मंद पडू शकते.

अशा वेळी निळ्या पंपावर विसंबणं म्हणजे वेळ घालवणं. वर सांगितलेलं पारडं इथे जास्तीत जास्त कललेलं असतं. कपडे काढा, अंग साबणानं धुवा, औषधाची बाटली किंवा लेबल सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. तिथे अ‍ॅट्रोपिन देतात, तेच धोतऱ्यातलं, पण मोजून, छाती कोरडी होईपर्यंत.

विंचू चावल्यावर लागते ती धाप?

वेगळी. लाल विंचवाच्या विषानं आधी असिटिलकोलिनचा आणि मग अ‍ॅड्रिनलिनच्या जातीच्या रसायनांचा पूर येतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. श्वासनळीच्या स्नायूचा त्यात मुख्य दोष नसतो. यावर प्राझोसिन हे अल्फा रिसेप्टर अडवणारं औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुळवलं. रिसेप्टर हा विषय परदेशातल्या प्रयोगशाळांचा आहे असं वाटणाऱ्या मुलांना मी हे नेहमी सांगते. आपल्या रायगड जिल्ह्यात तो विंचवाच्या खाटेवर शिकला गेला.

बांगडा खाल्ल्यावर चेहरा लाल झाला, छाती आवळली. माशाची अ‍ॅलर्जी?

कदाचित, पण आधी विचारा की बांगडा बर्फात होता का. बांगडा, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा उन्हात पडून राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन करतात आणि ते शिजवून जात नाही. ते एच१ वर बसतं. घरातल्या सगळ्यांना एकदम त्रास झाला तर दोष माशाच्या साठवणीचा. कोलंबी-सुकटीनं एकालाच दर वेळी होत असेल तर खरी अ‍ॅलर्जी, आणि ती जिवावर बेतू शकते.

अंगदुखीची गोळी घेतल्यावर दमा वाढतो, हे खरं?

काही जणांत खरं. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन ई२ कमी करतात. ते श्वासनळीत जीएसच्या वाटेनं सैल करणारं असतं आणि ल्युकोट्रायिनला आवरही घालतं. आवर गेला की सिसएलटी१ वर गर्दी होते. नाकात मांस वाढलेल्या दमेकऱ्यांनी विशेष जपावं.

डेरिफायलिन किंवा कडक कॉफी?

डेरिफायलिनमधलं थिओफायलिन सायक्लिक एएमपी मोडणारं एन्झाइम अडवतं, कळशीचं भोक बुजवतं म्हणा. पण उपयोगाचा डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार कमी, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्यांबरोबर ते रक्तात वाढतं. कॅफिन त्याचंच दुबळं भावंड.

फुप्फुसात कडू चवीचे रिसेप्टर असतात असं वाचलं. मग कारलं खाऊ?

खा, पण भाजी म्हणून. कडू चवीचे रिसेप्टर माणसाच्या श्वासनळीच्या स्नायूवर असतात आणि कडू पदार्थ लावले की स्नायू सैल पडतो, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. मजा अशी की त्यांच्यामुळे पेशीत कॅल्शियम वाढतं, म्हणजे आवळायला हवं, आणि होतं उलट. हे कसं, यावर अजून वाद आहे. बीटा-२ ला सवय लागून तो थकलेला असतानाही ही वाट चालते, म्हणून संशोधकांना तिच्यात रस आहे. पण त्या प्रयोगांत कडू पदार्थ सरळ स्नायूवर टाकलेले असतात. ताटातलं कारलं पोटात पचतं, तेवढ्या ताकदीनं श्वासनळीपर्यंत पोचत नाही. काढा पिऊन पंप सोडणारे दोघे मला माहीत आहेत. दोघेही दवाखान्यात भेटले.

हे सगळं डोळ्यांनी बघता येतं का, मॅडम?

येतं. उंदराची श्वासनळी हिस्टामिनला दाद देत नाही, म्हणून तिचा इथे उपयोग नाही. गिनीपिगची छान देते, पण प्राण्यांवरच्या प्रयोगांचे नियम आता कडक आहेत आणि ते योग्यच आहे. आम्ही बोकडाची वापरतो. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात बर्फात ठेवलेली क्रेब्ज द्रावणाची (पेशी जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्याची) बाटली घेऊन जायचं आणि श्वासनळी लगेच त्यात टाकायची. दुकानदार पैसे घेत नाही, फक्त दर वेळी 'ह्येचा काय करतात?' विचारतो. कड्या कापून, दोऱ्यानं एकमेकींना बांधून साखळी करायची, सदतीस अंशांच्या त्याच द्रावणात टांगायची, खालून हवा सोडायची. थोडं असिटिलकोलिन घातलं की साखळीचा ताण कागदावर उमटवणारी लेखणी वर चढते, साल्ब्युटामॉल घातलं की उतरते. मग दुसऱ्या साखळीला असिटिलकोलिन दहापट घालायचं आणि तेवढंच साल्ब्युटामॉल द्यायचं. लेखणी जेमतेम हलते आणि वरच थांबते. चार फवारे मारूनही धाप न थांबणारा माणूस त्या कागदावर दिसतो.